धुरींचा हलका हात

घरावरून विमान गेलं की मी अजूनही बोलता बोलता थांबते. पंजा आपोआप वर जातो आणि तोंड असेल तिथे बंद होतं. सून हसते. "आई, आपण आमटीत चिंच घालायची की कोकम एवढंच बोलतोय, रेकॉर्डिंग नाही चाललेलं." तिचं बरोबर आहे. पण आमच्या घाटकोपरवरून, त्यातून पंतनगरवरून, विमानं इतकी खाली उतरतात की खिडकीतली माणसं मोजावीत. आणि सात वर्षं मी मोहन धुरींच्या समोर बसून वाचलंय. विमान आलं की ते काचेपलीकडून असाच पंजा वर करायचे. विमान गेलं, त्याची शेपटीसुद्धा गेली, की मग बोट हलवायचे, चला. ही सवय आता माझ्याबरोबरच जाणार.

आमच्या वाचनालयाच्या मागे एक अडगळीची खोली होती. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची असं ठरलं, आणि वाचायला बायका हव्यात म्हणून बोर्ड लागला. मी शिकलेली अशी नाही हो. नववीनंतर लग्न, मग पुढचं सगळं शिक्षण त्याच वाचनालयातल्या पुस्तकांवर, स्वयंपाक आटोपला की. पण वाचायला मला कोणी सांगावं! पहिल्याच दिवशी जाऊन उभी राहिले.

धुरी तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. उभं आयुष्य अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत गेलेलं. बारीक अंगाचा माणूस, पूर्ण बाह्यांचा शर्ट दोन घड्या घालून वर केलेला, दाढेखाली लवंग. आत यायच्या आधी चप्पल बाहेर, घड्याळ खिशात. दाराशी एक स्टीलची वाटी ठेवलेली. मी म्हटलं प्रसाद आहे की काय. तर म्हणाले, "बांगड्या काढा वहिनी, त्यात ठेवा. मंगळसूत्र राहू दे, पण पान उलटताना हात लावून धरा."

मी रेडिओवरच्या बाईसारखा आवाज लावून वाचायला सुरुवात केली. दोन ओळींत पंजा वर.

"विमान?" मी विचारलं.

"नाही. कोणाला वाचून दाखवताय?"

"म्हणजे? ऐकणाऱ्यांना."

"ते नाही दिसत. मला तुम्ही पण नाही दिसत. बरं, ते पुस्तक ठेवा बाजूला. सोसायटीत पाणी आलं की शेजारणीला कशी हाक मारता?"

मी लाजले, मग मारली हाक, गॅलरीतून मारते तशी. काचेमागे त्यांनी एक बटण किंचित फिरवलं.

"आता सासूची कागाळी. बहिणीकडे. सासू पलीकडच्या खोलीत झोपल्येय."

सासूबाई जाऊन तोवर बारा वर्षं झाली होती, पण कागाळी काय, तयारच होती! मी कुजबुजत सुरू झाले ती पाच मिनिटं थांबलेच नाही. धुरी डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलवत, एक हात यंत्रावर. शेवटी म्हणाले, "झालं. तुमची उंची आणि खोली दोन्ही कळली. आता वाचा. आणि रेडिओला सुट्टी द्या."

येईल त्या प्रत्येकाची मापं ते अशीच घ्यायचे, पाण्याची हाक आणि सासूची कागाळी. पुरुष वाचायला आले तर सासूच्या जागी साहेब.

ते ज्या यंत्राशी खेळायचे त्याला कॉम्प्रेसर म्हणतात हे मला पुढे कळलं. मी फ्रिजचा समजले होते. समजावून सांगायची त्यांची तऱ्हा पण त्यांचीच. "हे बघा, हा दारात बसलेला माणूस समजा. कोणी फार मोठ्याने बोललं की हा उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, जरा हळू. म्हणून मोठा आवाज आणि बारका आवाज जवळ येतात, ऐकणाऱ्याला सारखं बटण फिरवायला लागत नाही. आता हात कधी ठेवायचा, किती जोरात, किती चटकन आणि उचलायचा कधी, एवढीच चार बटणं. हीच शिकायला माझी चाळीस वर्षं गेली. कारण वहिनी, हात ठेवलेला कळता कामा नये. कळला की मेला तो आवाज."

फार चटकन दाबलं की 'प', 'ट', 'क' यांची टोकं बोथट होतात, ते दाखवायचे. फार चटकन सोडलं की दमेकऱ्यासारखा आवाज वरखाली होतो, तेही दाखवायचे. त्यांचं स्वतःचं माप दोनास एक. काटा दोन-तीन घरं हलला की बास. "चारास एक म्हणजे तोंड दाबून धरणं," असं म्हणायचे. माझ्यासारखीला आकडे काय कळणार, पण तोंड दाबणं कळलं.

चांगलं झालं असं ते कधीच म्हणायचे नाहीत. फार तर "चलात," म्हणजे मालवणीत चालेल. आणि वर्षातून दोन-तीनदा, "दिसलं." बोलणारा माणूस दिसला, या अर्थी. त्या दिवशी मी घरी जाताना खारी घेऊन जायची, इतका आनंद व्हायचा.

एकदा कमिटीतले एक गृहस्थ स्वतः वाचायला आले. सत्कार, भाषणं यांत मुरलेला माणूस. ऐकून म्हणाले, "धुरी, आवाज भरीव करा हो. जाहिरातीत असतो तसा. छातीवर आदळला पाहिजे."

"करू ना साहेब," म्हणून धुरींनी सगळी बटणं पिळली आणि त्यांचंच वाचन त्यांना लावून दाखवलं. आवाज भरीव झाला, खोटं कशाला बोलू. पण दोन वाक्यांमध्ये हा भाता! हुं-हा, हुं-हा. घशातली चिकट टिचटिच. मागे दूरचं विमान, तेही छातीवर. गृहस्थ चपापले. "हे काय आहे?"

"तुम्हीच साहेब. मोठा आवाज खाली दाबून सगळं मिळून वर उचललं ना, की खाली लपलेलं पण वर येतं. माणूस एकटा उचलता येत नाही. त्याची खोली पण उचलावी लागते."

मी रुमाल तोंडात कोंबून बसले होते. ते गृहस्थ परत वाचायला आले नाहीत.

आणि एकदा तर माझंच. एका कादंबरीत आई मुलीवर आग पाखडते असा प्रसंग होता. घरातून भांडून आले होते की काय कोण जाणे, माझा असा काही भडका उडाला की काटा लाल घरात. मी म्हटलं, "पुन्हा घेते."

"नको."

"अहो, फाटला असेल आवाज."

"फाटू दे थोडा. राग आहे तो. सगळं दाबायचं, पण राग आणि रडू यांना जागा ठेवायची. तिथे माझा हात गेला तर ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई खोटी आहे." मग हळूच, "आणि वहिनी, घरी जाऊन सॉरी म्हणा ज्याला कोणाला म्हणायचं ते."

महिन्याभराने एका श्रोत्याचा फोन आला. त्या आई रागावल्या त्या पानावर वाचणाऱ्या बाईंचा हात टेबलावर आपटला का, लागलं नाही ना? धुरींनी तो निरोप मला तीन वेळा सांगितला. त्यांना कोणी पदक दिलं असतं तरी एवढं सांगितलं नसतं.

त्यांची बायको शालन. ती मात्र धुरींच्या अगदी उलट. कणकवलीकडची, बोलणं सगळं मालवणी, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून खालच्या भाजीवाल्याला वांगी निवडायला लावायची. "अरे मेल्या, ती नको, तिच्या मागची!" आणि तो तीच उचलायचा. आमच्या खोलीत डबा घेऊन आली की धुरी दोन्ही हात जोडायचे, "शालन, हळू गो, काच फुटात." ती म्हणायची, "फुटांदे. चाळीस वर्सा हळू बोल, हळू बोल. माझ्या आवाजाक तुमचा मशीन पुरात काय?"

आधी तिचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या सुरू झाल्या. मग वर्षाभरात आवाज उतरत गेला. घसा बसतो तसा नाही, तर कुणीतरी एक-एक पायरी खाली नेत असल्यासारखा. आणि तिला स्वतःला ते कळत नव्हतं, हे सगळ्यात वाईट. तिला वाटे आपण नेहमीसारखंच बोलतोय. उत्तर आलं नाही की रागवायची. भाजीवाला खालून "काय मावशी?" म्हणून मान वर करून उभा राही, ही वरून बोलत राही, आणि त्याच्यापर्यंत काही पोचत नसे.

धुरी मला म्हणाले, "वहिनी, गोळ्या डॉक्टरांच्या. पण आवाज ऐकू आणणं हे माझं काम आहे. हे मी करणार."

त्यांची एकुलती मुलगी मीनल, मिनू, कॅनडात. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल. आई बोलायची आणि मिनू विचारायची, "काय? आई, काय म्हणालीस? बाबा, काय म्हणते ती?" म्हणून धुरींनी घरातच मांडामांड केली. शालनच्या गाऊनला एवढासा माईक, माईकची वायर कॉम्प्रेसरच्या डब्यात, डब्यातून लॅपटॉपमध्ये आणि तिथून मिनूकडे. मला बोलावून घेतलं. म्हणाले, "माझे कान आता तिच्या बाजूचे झालेत. ती ओठ हलवते ते बघूनच मला ऐकू येतं. तुम्ही परक्या कानाने ऐका आणि सांगा, शालनसारखं वाटतं का." दोन हेडफोन होते, एक त्यांना, एक मला.

मी दोन महिने जात होते. काय सांगू! ज्या माणसाने शेकडो माणसांचे आवाज झेलले, त्याला घरातला एक आवाज झेलता येईना. दोनास एकवर काही हालचालच नाही, तिचा आवाज दारातल्या माणसाच्या गुडघ्यालाही लागेना. मग चारास एक. मग आठास एक, आणि वरून उचलायचं. उचललं की पंखा उचलला जाई. पंखा बंद केला, तर फ्रिज. फ्रिज बंद केला, तर खालची रिक्षा. ती दम घ्यायला थांबली की त्या रिकाम्या जागेत विमान घुसे, आणि यंत्र बिचारं तेच विमान जिवापाड उचलून मिनूला ऐकवे. खिडकीच्या फटींना धुरींनी गोधड्या लावल्या. मे महिना! शालन घामाने चिंब, आणि हे टॉवेलने तिचा गळा पुसतायत, पण तेही माईकला धक्का न लावता.

एकदा तिला तिचाच आवाज ऐकवला. पिळून पिळून केलेला, स्वच्छ, मोठा, स्टेशनवर गाड्यांची घोषणा होते तसा. ती ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही कोण बाई?"

मी हसले, तीही हसली. धुरी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, परक्या कानांकडे, आणि मला सांगावंच लागलं. "नाही हो धुरी. शालन नाही ही."

"बंद करा ता," शालन म्हणाली. "माका उकाडता."

त्यांनी पंखा लावला आणि पुढच्या रविवारी पुन्हा मांडामांड केली. मी काय बोलणार? नको म्हणायला दुसरं काही सुचवता आलं पाहिजे ना.

तिकडे मिनूचं वेगळंच चाललेलं. तिथे कायम राहायचे कागद अडकले होते. ते हातात पडायच्या आत देश सोडला तर परत आत घेतील की नाही, नोकरी राहील की नाही, कशाचीच खात्री नव्हती. दर रविवारी तिचा एकच प्रश्न. "बाबा, खरं सांगा, मी येऊ का?" आणि बाबा म्हणायचे, "काही घाई नाही. कागद होऊ देत."

तो रविवार जूनमधला. शालनला आदल्या आठवड्यात गिळायलाही त्रास सुरू झाला होता, पेजेवर होती. धुरींनी यंत्र तीनास एकवर ठेवलं होतं. म्हणाले, आज जरा कमीच उचलू, पण आवाज तिचा वाटेल. आणि खरंच, हेडफोनमध्ये मला पहिल्यांदा शालन ऐकू आली. खूप लांबून, पण तीच. मी मान हलवली. त्यांचा चेहरा असा फुलला!

मिनूने विचारलं, "आई, कशी आहेस?"

शालनने माईककडे नाही, धुरींकडे बघितलं. माझ्या कानात तिचा शब्द न् शब्द आला. "मिनूक येवक सांगा. बेगीन." मिनूला यायला सांगा, लवकर. मग थोडी थांबली, दम घेतला, आणि म्हणाली, "माका भीती वाटता."

पण तोवर धुरींचा हात शेवटच्या, मिनूकडे आवाज सोडायच्या बटणावर गेला होता. हेडफोनला त्या बटणाच्या आधीचा आवाज यायचा, म्हणून आम्ही दोघांनी ऐकलं. मिनूकडे काही गेलं नाही. तिने पडद्यावर कपाळाला आठ्या घातल्या. "काय? बाबा, काय म्हणाली आई? आवाजच गेला."

धुरी म्हणाले, "आई म्हणते, मी बरी आसंय. तू धावपळ करू नको."

मी त्यांच्याकडे बघतेय, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. शालन मात्र त्या बटणाकडेच बघत होती. नवऱ्याच्या हातांची भाषा चाळीस वर्षं शिकलेली बाई ती. तिला कळलं. पुन्हा बोलायचा प्रयत्न तिने केला नाही. मिनूला बघून हात हलवला. तो तर थरथरतच होता, त्यामुळे बराच वेळ हलत राहिला, आणि मिनू तिकडून म्हणाली, "आज मूडमध्ये आहे आई!"

निघताना धुरी जिन्यापर्यंत आले.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"आली तर तिचं सगळं जाईल हो वहिनी. सहा वर्षं काढल्येत पोरीने तिथे. आणि येऊन काय करणार? मला तरी काय करता येतंय?"

"अहो, पण शालनला..."

"तुम्ही सांगू नका तिला. तेवढं करा."

मी सांगितलं नाही. माझ्याकडे मिनूचा नंबर होता. तीनदा तरी फोन हातात घेतला आणि ठेवला. सांगायचं तर कोणाच्या तोंडून, कोणत्या हक्काने? आणि न सांगायचं तर कानात अडकलेले ते शब्द कुठे ठेवायचे? कढी उतू जायची, मी बघत उभी. मुलगा विचारायचा, आई बरं नाही का? मी काय सांगू त्याला, की मला ऐकू आलंय म्हणून?

पुढचे दोन रविवार धुरींनी माईक लावलाच नाही. नुसतेच शालनच्या बाजूला बसून तिच्या वतीने बोलले. तिसरा रविवार उजाडायच्या आत शालन गेली.

मिनू आली ती सगळं आटोपल्यावर, चौथ्या दिवशी. कागद मिळाले नव्हतेच. ती ते तसेच सोडून आली. ज्यासाठी बाप गप्प राहिला तेही हातात राहिलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही झाली. दिवस झाल्यावर धुरी गावी निघून गेले, वाचनालयाची किल्ली माझ्याकडे पोचवली ती दुसऱ्या कोणाच्या हातून. म्हणजे मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याआधी, मिनू आल्यावर तीन दिवसांनी. पेज आणि चवळीची उसळ घेऊन गेले होते.

मिनू जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. म्हणाली, "मावशी, माझ्याकडे आईचा आवाजच नाहीये. सगळ्या फोनवर बाबाच बोलतायत." मग त्यांच्याकडे वळून, "बाबा, तुम्ही कायम रेकॉर्ड करून ठेवता ना? आईचं काहीच नाही?"

 यंत्र चालू केलं की रेकॉर्डिंग आपोआप चालू, ही त्यांची स्टुडिओतली सवय, मला माहीत होती. दाबायच्या आधीचा आवाज, जसा माईकमध्ये शिरला तसा, जपून ठेवायचा. काही बिघडलं तर मूळ हातात असावं म्हणून.

"आहे," ते म्हणाले. "शेवटचे दोन महिने आहेत. रविवारचे."

माझ्या हातातला डबा मी ओट्यावर ठेवला तो नीट ठेवला की नाही आठवत नाही. मला वाटलं, तो एक रविवार ते काढून टाकतील. एवढं सोपं होतं, त्यांच्या बोटाचं काम. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी सगळी यादी तिच्यासमोर उघडली, तारखांसकट. मिनूने शेवटची तारीख निवडली, तोच रविवार. शेवटचीच निवडणार ना कोणीही.

"तिला मी काही केलेलं नाही," धुरी तिला म्हणाले. "जशी होती तशी आहे." आणि हेडफोन तिच्या हातात देऊन गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मिनूने डोळे मिटले. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. बराच वेळ खालची रिक्षाच ऐकत असणार ती. मग एकदम डोळे उघडले.

"बाबा, आई काहीतरी बोलतेय. नीट कळत नाहीये. जरा वाढवा ना."

धुरी वळले नाहीत.

"बाबा?"

मग ते आले. गुडघ्यावर हात टेकून तिच्या बाजूला खाली बसले, आवाजाच्या बटणाकडे गेलेला तिचा हात बाजूला केला आणि बटणावर स्वतःची दोन बोटं ठेवली. मी दाराशी चपला पायात सरकवत होते. ते वाढवत होते. तिच्या चेहऱ्याकडे बघत, एका वेळी अगदी केसभर, आणि थांबत नव्हते.